नीलाई

संत तुकाराम नगरहून कंपनीची बस निघाली की ड्रायव्हर बुद्धभूषण आरशातून मागं बघायचा नाही. बस बायकांची. चाकणला गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत त्या कामाला होत्या. त्याची बायको नीला याच बसनं जायची. उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तो परत कामावर आला, तेव्हापासून बसमध्ये एक शब्द बंद झाला होता. त्याच्यासाठीच बायकांनी तो सोडला, हे त्याला कळत होतं.

शब्द त्यांनीच बनवलेला. नीलाई. कुणाच्या घरी अडचण असली की नीला डबा पुढं करायची. म्हणायची, "घे गं, उरलंय." उरलेलं काही नसायचं. पहाटे उठून तिनं ते त्या बाईसाठीच केलेलं असायचं. एकदा तिची जोडीदारीण दीक्षा म्हणाली, "नीलाताई, पुरे तुझी नीलाई!" मग सगळ्याच म्हणायला लागल्या. नीलाही हसायची.

त्या सकाळी मोशीच्या पुढं बस ट्रॅफिकमध्ये अडकली. मागं मैत्री बोलत होती. पोरगी नवीन, नुकतीच लागलेली.

"सुपरवायझर काय म्हणाला ऐकलं का? रविवारी ज्याची इच्छा त्यानंच यायचं."

"इच्छा म्हणे! मागच्या रविवारी नाही आले, तर सोमवारी काम न देता उभं ठेवलं मला," शेजारची म्हणाली.

"नीलाई मारतोय मेला," मैत्री म्हणाली. "एक नंबर खोटारडा."

दीक्षानं पुढं ड्रायव्हरच्या सीटकडं बघितलं.

"अगं, गप," दीक्षा कुजबुजली.

"का? कामाच्या लाइनवर सगळे म्हणतात की."

बुद्धभूषणनं स्टिअरिंग घट्ट धरलं. तिचं नाव खोटेपणाला चिकटलं होतं. गप्प बसावं तर ते तसंच पसरणार. बोलू नका म्हणावं तर शब्दच जाणार. घराबाहेर तिचं तेवढंच उरलं होतं.

त्यानं हँडब्रेक ओढला आणि मागं वळला.

"पोरी, ते माझ्या बायकोचं नाव आहे."

मैत्रीचा चेहरा उतरला. "सॉरी काका. मला खरंच माहीत नव्हतं. परत नाही म्हणणार."

"म्हण की. पण त्या सुपरवायझरला नको."

"मग त्याला काय म्हणू?"

"खोटारडा!" दीक्षा म्हणाली. "तूच म्हणालीस ना आत्ता? त्याच्यावर दोन-दोन शब्द कशाला खर्च करतेस, भवाने?"

बायका हसल्या. तोही हसला.

"मग नीलाई म्हणजे काय, काका?"

तो डब्याचं सांगायला लागला. मध्येच गाडी पुढं काढावी लागली, तसं दीक्षानं पुढचं सांगितलं. कोण कोण ते डबे खाऊन गेलं, तेही सांगितलं. वाट मोकळी झाली होती. तो समोर बघून गाडी चालवत ऐकत होता.

पार मागच्या सीटवरून मंजुषा बोलली. ती कधी कुणाशी बोलायची नाही.

"माझा नवरा घर सोडून गेला, तेव्हा रोज द्यायची मला. मला आजपर्यंत ते खरंच उरलेलं वाटत होतं."

कंपनीच्या गेटवर बस लागली, तरी कुणी उठेना.

"जा, उशीर होईल," बुद्धभूषण म्हणाला.

एकेक करून बायका उतरल्या. मंजुषा तोंडावर पदर धरून तशीच बसून होती. त्यानं इंजिन बंद केलं आणि ती उठेपर्यंत थांबला.