पाहुण्यांपासून लपवलेली मॅट

मित्रांनो, मी एक जुनी मॅट आहे, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका छोट्या विद्यापीठातली कुस्तीची मॅट. माझे तीन तुकडे चिकटपट्टीने जोडलेले आहेत. सत्तावीस हिवाळे मी पडणाऱ्या पाठी झेलल्या. रोज सरावाआधी मुलं मला जंतुनाशकाने पुसत, आणि वाटे, माझी कुणाला तरी गरज आहे.

गेल्या वर्षी इथला पोहण्याचा संघ बंद झाला. तलावातल्या दोऱ्या माझ्यासमोरून कचऱ्यात गेल्या. तेव्हापासून दार उघडलं तरी मला धडकी भरते.

या जानेवारीत मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेची माणसं येणार होती. आम्हाला सामील करून घ्यायचं की नाही, हे ती ठरवणार होती. संघटनेची स्वतःची, सामने दाखवणारी दूरचित्रवाहिनी होती. आमचे क्रीडासंचालक ग्रेडी व्हिटकम यांचा ठाम समज होता, की पाहुण्यांना फक्त फुटबॉल हवा.

"व्हर्लिन, ती कळकट मॅट आधी उचल," ते कुस्तीच्या प्रशिक्षकांना म्हणाले. "गोठ्यात आल्यासारखं वाटतं."

"आणि कुस्ती?"

"सामील झालो की बंद. पाहुण्यांसमोर तोंड उघडू नकोस."

कुणीतरी माझ्या पट्ट्यांवरून सुरी फिरवली. वाटलं, संपलं. मग मला घट्ट गुंडाळून बाकांखाली ढकललं. अंधारात मला फक्त पावलं आणि बोलणं ऐकू येत होतं.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या, वाहिनीच्या मार्लिस ओडेगार्ड यांची पावलं मांडलेल्या फुटबॉल चषकांसमोर थांबली.

"फुटबॉल शनिवारी, तोही हिवाळा लागताच संपतो. जानेवारीतल्या बुधवारी संध्याकाळी मी काय दाखवू? हे चषक?"



"कुस्ती आहे," प्रशिक्षक व्हर्लिन कासा म्हणाले.

"मग मॅट कुठाय?"

"तुम्ही येणार म्हणून लपवलीय."

"कमाल आहे! आम्ही बघायला आलोय आणि तुम्ही झाकून ठेवताय!"

मला बाहेर ओढलं. माझ्या कडा वळल्या होत्या, काही केल्या जमिनीला टेकेनात. मग कुस्तीगीर ब्रिन आणि तिचे सात सोबती माझ्या कडांवर आडवे झाले. त्यांची धडधड मला कळत होती. तेही घाबरले होते.

महिन्याने संघटनेचं पत्र आलं: कुस्तीसह या. पण करार सहा वर्षांचा आहे. नंतर वाहिनी पुन्हा विचार करील.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही थोडीच मुलं खेळतात असा एखादा खेळ असेल. एकदा जाऊन बघत बसा. बाकांवर माणसं दिसली की आमची भीती थोडी कमी होते.