हसण्याची वही

मी एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. गेलं दीड वर्ष मी टेबलाच्या खालच्या खणात पडून आहे आणि खणाला बाहेरून कुलूप आहे.

फिजीतल्या सुवा शहराच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात मी धूळ खात होते, तेव्हा उनाईसीबाईंनी मला उचललं. त्या आंतरराष्ट्रीय शाळेत पाचवीला शिकवायच्या. वर्गात मुलं एकवीस आणि त्यांच्या घरच्या भाषा अकरा. इंग्रजी सगळ्यांची, पण पुरती कुणाचीच नाही. त्यामुळे रोज कुणीतरी असं काही बोलायचं, की बाई फळ्याकडे तोंड करून हसू गिळायच्या. मधल्या सुट्टीत माझं पान उघडायचं.

तुवालूच्या एका मुलीने भूगोलात लिहिलं, "बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने पकडून ठेवलेली जमीन." एका मुलाने गैरहजेरीचं कारण दिलं, "काल मला ताप येणार होता. तो आला नाही, म्हणून आज मी आलो." आणखी कुणीतरी लिहिलं होतं, "शरीरात दोनशे सहा हाडं असतात. आईच्या मते माझ्यात त्याशिवाय एक आळसाचं आहे."

शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर कसाव्याचा उकडलेला कंद खाताना बाई हे वाचून दाखवायच्या. सगळे पोट धरून हसायचे. खरं सांगते, मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मग वर्गात हारिन आली. दहा वर्षांची, कोरियातल्या बुसानहून. तिचे वडील, मिस्टर बेक, सुवाच्या बंदरात मासेमारी जहाजांची इंजिनं दुरुस्त करत. हारिन फारशी बोलायची नाही. 'माझं कुटुंब' या निबंधात मात्र तिने लिहिलं, "माझी आई फोनमध्ये राहते. बॅटरी संपली की ती झोपते. बाबा तिला रोज चार्जिंगला लावतात."

बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी दोनदा वाचून मग माझ्यात उतरवलं.

सत्राच्या मध्यावर पालक जमले होते. बाई मला घेऊन उभ्या राहिल्या आणि एकेक वाक्य वाचू लागल्या. मुलांची नावं त्या घेत नव्हत्या. फोनमधल्या आईपाशी सगळं सभागृह हसलं. मी बाईंच्या हातात होते, त्यामुळे मला समोरचं दिसत होतं. तिसऱ्या रांगेत कामावरच्या कपड्यांतला एक माणूस हसला नाही. शेजारच्या हारिनने आधी आजूबाजूला पाहिलं. मग तोंडावर हात ठेवून तीही हसल्यासारखं करू लागली.

दुसऱ्या दिवशी मिस्टर बेक वर्गाच्या दाराशी आले. त्यांनी सांगितलं, हारिनची आई अकरा महिने बुसानच्या इस्पितळात होती. फुप्फुसं अधू झालेली, विमानात बसायची मनाई. पण ते तक्रार करायला आले नव्हते.

"घरी गेल्यापासून मुलगी विचारते आहे, माझा कुठला शब्द चुकला," ते म्हणाले. "माझं इंग्रजी तेवढं नाही. तुम्ही सांगता का?"

बाईंनी माझं ते पान काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "एकही नाही."

त्याच दुपारी मी खणात गेले आणि कुलूप लागलं. हारिन वर्गात होती, पण आता ती फक्त पुस्तकातली वाक्यं उतरवून काढायची. तशी तीही कुलपातच होती म्हणा.

तीन आठवड्यांनी खण उघडला. वर्ग रिकामा होता, समोर फक्त हारिन. बाई तिला म्हणाल्या, "चूक माझी होती, बाळा. तुला न विचारता मी तुझं घर सगळ्यांसमोर मांडलं. हे पान फाडायचं असेल तर फाड."

हारिनने ते पान वाचलं. मागची पानंही चाळली. तापाच्या वाक्यावर तिला खुदकन हसू आलं.

"फाडायचं नाही, मिस," ती म्हणाली. "पण सगळे हसले, तेव्हा आईचं नाव कुणालाच माहीत नव्हतं."

तिने पेन्सिल घेतली आणि त्या वाक्यांखाली आपल्या लिपीत आईचं नाव लिहिलं. मला ते वाचता येत नाही. पण इतकं दाबून लिहिलंय, की पुढच्या तीन पानांवर त्याचे वळ उमटलेत.

डिसेंबरात बापलेक बुसानला परत गेले. पुढचं मला ठाऊक नाही. बाईंनी मला पुन्हा कुलपात ठेवलं, ती आजतागायत. दमट हवेने माझी पानं फुगलीत, कडेला कसर लागली आहे. कुणी विचारलं, ती तुझी वही कुठे गेली गं, तर बाई सांगतात, संपली. खोटं आहे. माझी एकशे तीस पानं कोरी आहेत.

बाई, मुलांना विचारून लिहा, आधी त्यांनाच वाचून दाखवा. पण लिहा. मला कोंडून कुणाचं दुखणं कमी होणार आहे?

काल एक मुलगी धापा टाकत वर्गात शिरली. हजेरी चालली होती. "मिस, माझं नाव शेवटी घ्या," ती म्हणाली, "मी अजून पूर्ण आलेली नाही."

वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यांची पावलं टेबलापर्यंत आली, किल्ल्या किणकिणल्या. मग त्या मागे वळल्या आणि शिकवू लागल्या.

ते वाक्य कुणीच लिहून घेतलं नाही. मी शब्दन् शब्द ऐकला; पण वहीला स्वतःच्या पानावर लिहिता येत नाही.