आदेलिनूच्या पावलांची परीक्षा

पोर्तुगालात, आमच्या पोव्होआच्या कोळीवाड्यात घर धाकट्या मुलाला मिळतं. पायांचा आजार कुणालाही मिळतो. माझ्या धाकट्या भावाला, आदेलिनूला, दोन्ही मिळालं. मला काहीच नाही. मी बाजारात मासळी विकते आणि तोंड चालवते.

हा आजार पावलांतून वर चढतो. आधी गार-गरम कळेनासं होतं, मग तोल जातो, मग पोट, मग हृदय. आईच्या पावलावर निखारा पडला, तेव्हा वास घेऊन ती म्हणाली, तव्यावरची तारली करपली वाटतं. शेजारणींनी ते ऐकलं आणि आठवड्यात माझं ठरलेलं लग्न मोडलं. बरं झालं, तो तसाही मूर्खच होता. पण आईने त्यातून धडा घेतला तो उलटा. आम्हा दोघांना उंबऱ्यावर बसवून तिने पढवलं: समोरच्याच्या हाताकडे बघा, भांड्यावर वाफ आहे का बघा, आणि वेळेवर पाय ओढा. मी ते उगाच शिकले. आदेलिनू मात्र पहिला आला. गेली तीन वर्षं त्याचे तळवे मेलेत, तरी बोटीवर बर्फाचं पाणी सांडलं की सगळ्यांच्या आधी तोच शिव्या घालतो.

यंदा पोर्तू शहरातल्या एका इस्पितळात नव्या औषधाची चाचणी निघाली. आमच्या यकृतात एक प्रथिन बनतं, ते मोडतं आणि त्याचा गाळ नसांत नि हृदयात साचतो. आधीची औषधं नवा गाळ कमी करतात. ही नवी अँटिबॉडी म्हणे जुन्या गाळाला जाऊन चिकटते आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींना सांगते, हे उचला. त्या उचलतील का, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून तर चाचणी. चाचणीत घ्यायला पावलं बधिर झालेली हवीत, एवढीच अट. म्हणजे आदेलिनूला अडचण नव्हतीच.

तो एकटाच गेला आणि वाइनची बाटली घेऊन परतला. म्हणाला, "ताई, दहापैकी दहा."

कसले दहा, ते मी विचारलं. पावलांना गार-गरम नळ्या लावायच्या म्हणून डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितले होते. याने समुद्रावर उन्हात मिटतात तेवढेच मिटले. पापण्यांच्या फटीतून दिसत होतं: लाल टोपणाची नळी गरम, निळ्याची गार.

"मग घेतलं का तुला?"

"नाही. नसा ठणठणीत आहेत म्हणाल्या." तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला.

"मेल्या, जन्मात एकदा नापास व्हायचं होतं."

परत जायला तो तयार होईना. आजार कागदावर आला की बोटीचा मुख्य, तांडेल ओरासिओ, त्याला बोटीवरून उतरवणार. मी म्हटलं, आईने लपवलं ना, बेचाळिसाव्या वर्षी पुरली आपण तिला. तू अडतीसचा आहेस. त्याने बाटली न उघडताच फडताळात ठेवली. म्हणाला, सोमवारी जाऊ.

सोमवारी मीही बरोबर गेले. डॉक्टरीणबाई बेनेदिता पुन्हा नळ्या घेऊन बसल्या. मी पिशवीतला बाजारातला एप्रन काढून त्याच्या डोळ्यांवर आवळून बांधला. बांगड्याच्या वासाने त्याने नाक मुरडलं. बाईंनी नळी उचलली, तेवढ्यात फोन वाजला म्हणून ती खाली ठेवली, तशी काच खणकली. आदेलिनूने झटकन पाय ओढला. म्हणाला, "गार."

कुणी हात लावला नव्हता. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मीही गप्प बसले. अशी वेळ माझ्यावर क्वचित येते.

त्याला ती शांतता कळली. "बाई, लावलीत का नळी?"

"नाही."

"आणि आता?"

"आता टाचेला टाचणी टोचतेय."

त्याने एप्रन काढला. टाचेवर रक्ताचा थेंब होता. त्याने तो अंगठ्याने पुसला. मग म्हणाला, "काही कळत नाही मला. तीन वर्षं झाली."

त्याला चाचणीत घेतलं. संध्याकाळी तो स्वतःच ओरासिओकडे गेला. तांडेलाला सगळं आधीपासून ठाऊक होतं. "तुझ्या शिव्या पाणी पडायच्या आधीच यायच्या रे," तो म्हणाला. तरी त्याने बोटीवरून उतरवलंच, आणि धक्क्यावर जाळी दुरुस्त करायला बसवलं. तिथे तोंड चालवायला मी गेले नाही. ओरासिओचं बरोबर होतं.

पहिल्या सलाईनच्या दिवशी नर्सने सांगितलं, पिशवीत औषध आहे की नुसतं मिठाचं पाणी, ते तिलाही माहीत नाही. मिठाच्या पाण्याची आम्हाला सवय आहे, आदेलिनू म्हणाला. तिने हातात सुई घातली आणि विचारलं, दुखलं का.

मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. घट्ट मिटलेले होते.

"हो," तो म्हणाला. "हातात अजून दुखतं."