कातडीखालची गोळी

"बोलो, हल्की और तेज़ गोली अच्छी, कि भारी और धीमी? आदमी को रोकेगी कौन?" शेषराव उस्तादांनी फळ्यावर दोन गोळ्या काढल्या, एक सडपातळ आणि एक ढब्बी, आणि खडूचे हात झटकले.

पुढ्यात चाळीस होऊ घातलेले फौजदार होते. पाच मिनिटांत त्यांचे दोन तट पडले. एक तट म्हणे, वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो, मग वजनाला कोण विचारतो? दुसरा म्हणे, हलकी गोळी हाडाला लागली की भरकटते, सरळ आत जाते ती जडच. एकानं मध्येच उदाहरणाला टेनिसचा चेंडू आणि क्रिकेटचा चेंडू आणला. यातल्या एकानंही आजवर माणसावर पिस्तूल रोखलं नव्हतं. पण माणूस कसा पडतो यावरून सगळे हमरीतुमरीवर आले होते.

सगळ्यात मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर चिंधू बसला होता. सरकारी दवाखान्याच्या शवागारात तो सव्वीस वर्षांपासून मदतनीस होता. डॉक्टर दाखवत, तो कापत असे. आत गोळी असली तर तीही तोच काढायचा आणि चिमट्यानं नव्हे, बोटांनी. चिमट्याचे ओरखडे उठले तर ती कोणत्या पिस्तुलातून सुटली ते तपासणाऱ्यांना कळत नाही. मग ती धुवायची, वाळवायची, कापसात गुंडाळून काचेच्या बाटलीत घालायची आणि वर लाखेचं सील लावायचं. एका केसच्या वेळी उस्तादांनी हे पाहिलं आणि त्यांना ते फार आवडलं. "एकदा आमच्या पोराइले सांग येऊन," असं म्हणून त्यांनी आज त्याला बोलावून घेतलं होतं.

तिसऱ्या बाकावर त्याचा मुलगा बसला होता, प्रफुल्ल. या पोलीस प्रशिक्षण केंद्रात येऊन त्याला चार महिने झाले होते. बाप आत आला तेव्हा त्यानं एकदा पाहिलं आणि तेव्हापासून त्याची नजर फळ्यावरच होती.

सकाळी चिंधूच्या बायकोनं, रंभानं, त्याच्या पांढऱ्या शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. "आज तो साऱ्याइपुढं सांगन, हे माहे बाबा हायेत म्हणून."

"त्याले माईत नाही मी जाऊन राहिलो ते."

"मंग तं आणखीनच खुश होईन."

चिंधू "बरं" म्हणाला होता. खरं सांगायचं तर रुआबांध्याच्या घरापासून सायकलवर येताना सगळा रस्ता त्याच्याही मनात तेवढंच होतं. त्याचा बाप मारोतराव साकोलीकडचं शेत सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटात कामाला आला आणि मान मिळवून निवृत्त झाला. चिंधूची प्लांटातली भरती हुकली आणि हे काम मिळालं. तेव्हापासून नात्यातल्या लग्नात त्याला कुणी पंगतीत वाढू दिलं नव्हतं. तोंडावर कुणी काही बोलत नसे. नुसतं हातातलं भांडं काढून घेत, "राहू द्या ना जी, तुमी बसा." एवढ्या लोकांत एकदा मुलानं आपल्याला बाप म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि प्रफुल्ल उठलाच.

"सर, हल्की तेज़ गोली अक्सर पार निकल जाती है. भारी और धीमी हो तो पीठ की चमड़ी के नीचे आके रुकती है. चमड़ी तनती है, फटती नहीं. ऊपर से हाथ फेरो तो कंकड़ जैसी लगती है."

उस्ताद खूश झाले. "शाबास! ये तो किताब में भी नहीं है. कहाँ से सीखा?"

प्रफुल्लनं मागे वळून पाहिलं नाही. "सर... यूट्यूब पे देखा."

टाळ्या पडल्या.

तो हे कुठून शिकला ते चिंधूला माहीत होतं. बारावीत असताना प्रफुल्ल स्वयंपाकघरात ऊर्जेचं गणित घेऊन अडला होता. आठवी शिकलेल्या चिंधूला गणित काय कळणार? पण मेलेल्याच्या पाठीवरून हात फिरवला की अडकलेली गोळी हाताला खड्यासारखी कशी लागते, ते त्यानं तेव्हा सांगितलं. "जेवतानी काय सांगून राहिले!" म्हणून रंभा ओरडली होती. पोरगा मात्र घास हातात धरून ऐकत राहिला. आपल्या कामात काही मोल आहे असं चिंधूला त्या एकाच दिवशी वाटलं होतं.

"चिंधूभाऊ, उठा," उस्तादांनी हाक मारली. "या पोरानं सांगतलं ते बरोबर हाय का?"

चिंधू उभा राहिला. "बरोबर हाय. साहेबानं बरोबर सांगतलं."

साहेब! आपली जीभ इतक्या सहज कशी वळली याचा त्याला राग आला. मुलापेक्षा स्वतःचाच जास्त आला.

"मंग जिंकलं कोण? वेग का वजन?"

"मले काय माईत जी. माह्याकडं दोन्हीनं गेलेले येतात. वजन कागदावर लिहा लागते. वेग तं मले कोणी विचारलाच नाही." पोरं हसली. चिंधू त्यांचं हसणं थांबेपर्यंत थांबला. "घरचे लोक बाहेर बसले असतात. ते एकच विचारतात, लय दुखलं असन का जी म्हणून."

उस्तादांनी फळा पुसला.

चहाच्या वेळी उस्तादांनी प्रफुल्लच्या दंडाला धरून त्याला पुढे आणलं. "हाथ मिला इनसे. तेरा यूट्यूब पास हो गया."

बापलेकांनी आयुष्यात पहिल्यांदा हात मिळवला. पोराचा तळवा घामानं ओला झाला होता. चिंधूला वाटलं, अजून एक संधी द्यावी. आता तरी बोलेल.

"घर कुठं हाय, साहेब?"

प्रफुल्ल बिस्किटांच्या ताटलीकडे पाहत राहिला. उत्तर उस्तादांनीच दिलं. "स्मृति नगरचा हाय. आपल्यावानीच मराठी. बाप प्लांटात होता बिचाऱ्याचा, आता नाही राहिला. पहिल्याच दिवशी सांगतलं त्यानं मले."

चिंधूच्या हातात अजून तो हात होता. शवागाराच्या दारात नातेवाईक आले की रजिस्टर भरायला तो जे विचारायचा, तेच सवयीनं त्याच्या तोंडून निघालं.

"कधी गेले?"

प्रफुल्लनं हात सोडवून घेतला. "क्लास है, सर," असं उस्तादांना म्हणून तो निघून गेला.

घरी रंभा दारातच उभी होती. "भेटला? सांगतलं त्यानं?"

"सांगतलं."

"काय म्हणला?"

"हे माहे बाबा हायेत म्हणला," चिंधू चपला काढत म्हणाला. "उभा राहून."

रंभानं पदरानं डोळे पुसले आणि गोंदियाला बहिणीला फोन लावला. कांताला सगळं सांगताना तिचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जात होता. चाळीस फौजदार, मोठे साहेब आणि आपला प्रफुल्ल उभा राहून. चिंधू नळाखाली हात धूत होता. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटापर्यंत साबण. धुऊन झाले तरी तो धूतच राहिला.

रंभा फोन घेऊन मोरीपाशी आली. "घ्या. कांता म्हणते, भाऊजीसंगं बोलाचं हाय."

त्यानं हात पुसले आणि फोन कानाला लावला.

"हो," तो म्हणाला. "लय बरं वाटलं."