सगळ्यांना परवानगी

जुनी डिस्क पुन्हा टकटकली. तारवाल्यांनी उघडलेला जेवणाचा डबा झाकला आणि कान लावला. रुग्णालयातले सगळे संगणक सांभाळणारा हा गृहस्थ, मशीनचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखायचा. बायकोची हाक मात्र त्याला तिसऱ्या खेपेला ऐकू यायची. सर्व्हरची खोली म्हणजे एके काळचं न्हाणीघर. भिंतीला पांढऱ्या फरश्या, नळाला बूच आणि बारा महिने थंडी.

"ही काही संध्याकाळ बघत नाही," ते पुटपुटले.

"कोण हो?" दारातून मेहुणीनं विचारलं. ती इथेच ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती.

"डिस्क. वेबसाइटचं सगळं बिऱ्हाड हिच्यावर आहे. आत्ताच शेजारच्या डिस्कवर हलवतो."

मेहुणी आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं. "माझा रिपोर्टही त्या बिऱ्हाडातच ना?"

मागच्या महिन्यात थिएटरमध्ये तिच्या बोटाला सुई टोचली होती. तपासणीत रक्तात काविळीचा विषाणू निघाला. दुसरी तपासणी व्हायची होती. मनगट दुखावल्याचं सांगून तिनं ऑपरेशनची कामं आपणहून सोडली होती, आणि खरं कारण लॅबबाहेर फक्त तारवाल्यांना ठाऊक होतं. सख्ख्या बहिणीलाही, म्हणजे तारवाल्यांच्या बायकोला, तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

"दुसरा रिपोर्ट आला की मीच सांगणार आहे, भाऊजी. सर्जनबाईंना, ताईला, सगळ्यांना. माझ्या तोंडानं. तेवढं मला राहू द्या."

"अगं, कुलूप माझ्या हातात आहे. तू जा निवांत."

ती हसली. तारवाल्यांच्या शब्दावर विसंबणारं घराण्यात एवढं एकच माणूस होतं, त्यामुळे त्यांनाही जरा बरं वाटलं.

फोल्डर नव्या डिस्कवर सुखरूप पोचलं. साइटला नवा पत्ताही सांगून झाला. पण बिऱ्हाड हललं तरी जुन्या दारांची कुलुपं काही सामानाबरोबर येत नाहीत. कोणता कप्पा कुणी उघडायचा, हे नव्या जागी पहिल्यापासून ठरवायचं होतं. रिपोर्ट फक्त डॉक्टरांना आणि लॅबला, सुट्ट्यांचे अर्ज कार्यालयाला, असं एकेक. तोवर सगळ्या पडद्यांवर एकच ओळ उमटत होती: परवानगी नाही.

फोन खणखणला. अधीक्षक होते.

"अहो तारवाले, वॉर्डात रिपोर्ट उघडेनात. डॉक्टर माझ्या डोक्यावर बसलेत."

"कुलुपं लावतोय साहेब. थोडा वेळ द्या."

"आधी चालू करा. नक्षीकाम मागाहून करत बसा."

साहेबांना नाही म्हणायची कला तारवाल्यांना कधी साधली नव्हती. नाही म्हणताना ते आधी खोकायचे, आणि खोकला संपेपर्यंत समोरच्यानं होकार धरलेला असायचा. आताही ते खोकले. मग त्यांनी पडद्यावरच्या यादीतलं सगळ्यात वरचं नाव निवडलं: 'सगळे'. तात्पुरतं. साइट झटकन उघडली.

"बघा, झालं की," अधीक्षक म्हणाले. "आता तसेच वर या. पाहुणे आलेत आणि सभागृहातला पडदा लागत नाहीये."

"साहेब, एवढं एक उरकून..."

"पाहुणे उभे आहेत."

तारवाले वर गेले. पडदा लागला, पण तो पुन्हा रुसेल म्हणून अधीक्षकांनी त्यांना मागच्या खुर्चीत बसवून ठेवलं. पाहुण्यांचं भाषण रंगत गेलं. तारवाल्यांचं चित्त खाली होतं. दोनदा ते उठायला गेले, दोनदा अधीक्षकांनी मान वळवून पाहिलं, दोनदा ते बसले.

खाली आले तेव्हा स्वागतकक्ष गप्प होता. तिथल्या बाईंना सगळं रुग्णालय 'बिनतारी' म्हणायचं. बातमी पोचवायला त्यांना साधन लागत नसे. त्या आज कीबोर्ड पुसत होत्या.

"जेवलात का?" त्यांनी हळूच विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"आज रिपोर्ट कुणालाही दिसतायत हो," बिनतारी म्हणाल्या. "मी आपली आईची साखर बघायला गेले. मग म्हटलं, बाकीच्यांचेही दिसतात का बघू."

"मग?"

"मग काय. माणसं आत काय काय घेऊन हिंडत असतात, नाही?" त्यांनी नजर उचलली नाही. "तुमच्या नात्यातलीच ना ती?"

तारवाल्यांनी न्हाणीघर गाठलं आणि 'सगळे' पुसून टाकलं. एकेक कुलूप लावलं, ओढून पाहिलं. चोख काम. आता आत कुणाला शिरता येत नव्हतं, आणि शिरण्यासारखं आत काही उरलंही नव्हतं.

मेहुणी त्यांना चादरींच्या कोठीत सापडली. मेट्रननं तिला तिकडे पाठवलं होतं. दोघी परिचारिका दाराशी आल्या, तिला पाहून थबकल्या आणि चादरी न घेताच परत फिरल्या.

"लॅबमधून फुटलं," ती घडी घालत म्हणाली. "तुमच्याकडून नाही गेलं, एवढं माहितीये मला."

तारवाल्यांना खोकला आला. त्यांनी तो गिळला.

"माझ्याकडूनच गेलं. दार उघडं टाकलं मी, आणि वर जाऊन भाषण ऐकत बसलो."

हातातली चादर तिनं पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी केली.

"ताईला कळलंय?"

"नाही. मी नाही सांगितलं."

"मग सांगूही नका. मी येते रात्री. ती एक तरी उरलीये मला सांगायला."

तारवाल्यांच्या खिशातला फोन वाजला. बायकोचा होता. कामाच्या वेळात ती कधी फोन करत नसे. दोघंही पडद्यावरच्या नावाकडे पाहत राहिले. फोन वाजून थांबला, आणि लगेच पुन्हा वाजू लागला.

"द्या इकडे," मेहुणी म्हणाली.

तिनं हात पुढे केला, तसाच मागे घेतला. एप्रनला आधी तळवा पुसला, मग मागची बाजू, मग एकेक बोट. आणि मग फोन घेतला.