शहाद्याला नेसायचं लुगडं

छगनने लुगडं आणलं, तेव्हाच नर्मदाबाईने ओळखलं की यात काहीतरी काळंबेरं आहे.

एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोसाठी स्वतःच्या हाताने कापड आणल्याचं ब्राह्मणपुरीत कुणाला आठवत नव्हतं. दिवाळीचं लुगडं तीच जाऊन आणायची आणि हा भाव ऐकून तोंड वाकडं करायचा. आणि आज हा गडी शहाद्याहून येतो काय, पिशवीतून मोरपंखी लुगडं काढतो काय, आणि पाणी पिता पिता म्हणतो काय, "सोमवारले हाई नेस. आपले वकीलकडे जानं शे."

"कसाले?"

"शे काम. तुन्ही सही लागी."

लुगडं, वकील आणि सही. नर्मदाबाईने पिशवी उचलून खाटेखाली सरकवली आणि चुलीकडे वळली, पण भाकरी थापताना तिचं ध्यान थाऱ्यावर नव्हतं.

कारण असलं लुगडं तिला आधी एकदा मिळालं होतं. बाप वारला, दिवस झाले, आणि म्हसावदहून रूपचंद, तिचा सख्खा भाऊ, जीप घेऊन दारात उभा राहिला. पिस्ता रंगाचं लुगडं आणलं होतं. "बहिन, नुसतं नाव कमी करनं शे. तलाठीना तरास नको." असं म्हणून शहाद्याला नेलं, कचोरी खाऊ घातली, एका ऑफिसात सही घेतली आणि संध्याकाळच्या आत घरी आणून सोडलं. त्या भागात बहिणीचा हक्क असाच सुटतो. भांडण नाही, तंटा नाही, एक लुगडं आणि पोटभर नाश्ता. आपण काय सोडून दिलं हे तिला कितीतरी दिवसांनी कळलं. जमीन गेली याचं तिला फार वाटलं नाही. भावाने मागितली असती तर तिने हसत दिली असती. पण त्याने विचारलं नाही, हे मात्र तिच्या काळजात रुतून बसलं. ते पिस्ता लुगडं तिने कधी अंगाला लावलं नाही. ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं.

आणि गंमत अशी, की त्या हक्कसोडीवरून छगनने मेव्हण्याला आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या.

संशय तसा बरेच दिवस शिजत होता. छगनचा थोरला भाऊ रेवजी दिवाळीच्या तोंडावर गेला. काही लिहून ठेवलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. तेराव्यापर्यंत त्याची दोन्ही मुलं एका ताटात जेवली, आणि चौदाव्याला वाटणीच्या भांडणात विहिरीवरच्या मोटारीला कुलूप लागलं. उभी केळी वाळली, पण कुलूप निघालं नाही. तेव्हापासून छगन शहाद्याला जायला लागला. विचारलं तर कापसाचा भाव बघायला गेलो म्हणायचा. कापूस घरात एक बोंडही नव्हता! मग एके दिवशी पासपोर्टचे फोटो काढून आणले. मग तिचं आधार कार्ड मागितलं. आणि दरवेळी त्याला मोटारसायकलवर बसवून नेणारा कोण, तर भाग्येश, रेवजीचा धाकटा.

हा भाग्येश अलीकडे भलताच गोड झाला होता. "काकू, पपई लई उनू, चाखी दखा." "काकू, तुमना गुडघा कसा शे?" दोन वर्षांमागे हाच पोरगा तिच्या अंगणातून जाताना मान वर करत नव्हता. बापाच्या वाट्याला कुलूप लागलं, आता काकाची विहीर डोळ्यांत भरली, असा हिशेब नर्मदाबाईने मांडला. छगनला मुलगा नाही. एकच लेक, काजल, धानोऱ्याला दिलेली. म्हातारा भोळा, पुतण्या गोडबोल्या, आणि सहीला म्हातारीला न्यायचं लुगडं नेसवून. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं. तिने पपई खाल्ली. पपईशी काही वैर नव्हतं. बिया मात्र भाग्येशच्या दिशेला टाकल्या.

सोमवारी छगन धुतलेली टोपी घालून ओट्यावर उभा राहिला. नर्मदाबाई बाहेर आली ती पिस्ता लुगडं नेसून. घड्यांच्या रेघा अजून पडलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास दरवळत होता. मोरपंखी लुगड्याची पिशवी काखेत होती.

"हाई कोनतं नेसनी?" छगन म्हणाला. "मी आनेल ते कोठे शे?"

"शे ना संगे," ती म्हणाली. "चाला."

भाग्येशने त्या दिवशी कुणाची तरी गाडी आणली होती. ती मागे बसली आणि वाटभर त्याच्या मानेकडे बघत राहिली. पोरगा निवांत शीळ घालत होता. चोर असा शीळ घालतो का? घालतोही, असं तिने मनाशी ठरवलं.

वकील बाई निघाली. नवापूरकडची, रिबेका नावाची, चष्मेवाली. तिने उठून नर्मदाबाईला खुर्ची दिली, आणि नर्मदाबाईने खुर्चीवरही संशय घेतला, कारण रूपचंदनेही त्या दिवशी खुर्ची दिली होती. बाईने टेबलावर कागद काढले आणि भाग्येशकडे वळून म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. ज्याच्या नावाने लिहून ठेवायचंय, त्याने लिहून होईपर्यंत इथे थांबायचं नाही."

"मन्हं नाव?" भाग्येश म्हणाला. "काका, मन्हं नाव कसाम्हा?"

छगनने खाली बघितलं. "जाय, बस भाईर," एवढंच बोलला. पोरगा गोंधळून गेला. नर्मदाबाईने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. सोंग असेल तर पोराला तमाशात घालायला हवं होतं. पहिल्यांदाच तिच्या हिशेबाला तडा गेला.

रिबेकाबाईने दार लोटलं. "काकू, यात काय लिहिलंय ते तुम्हाला कोणी सांगितलं का?"

"माले कोनी काहीच सांगं नही. नुसतं लुगडं दिन्हं."

बाईने छगनकडे असं काही पाहिलं, की त्याने टोपी काढून मांडीवर घेतली. मग बाईने सोपं करून सांगितलं. दोन मृत्युपत्रं आहेत. विहिरीचं शेत छगनने स्वतः घेतलेलं, त्याचं एक. घर दोघांच्या नावावर, म्हणून तिच्या हिश्शाचं दुसरं, आणि ते तिचं स्वतःचं, तिच्या मनासारखं असलं पाहिजे. "काकांनी मला सांगितलंय असं, की तुम्ही दोघं असेपर्यंत सगळं तुमचं. दोघांच्या मागे शेत आणि घर भाग्येशचं. हा कच्चा मसुदा आहे. तुम्ही ऐकल्याशिवाय पुढे जाणार नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं."

"आनी काजल?"



"काजल दियेल शे," छगन हळू म्हणाला. "तिन्हा घर तिले शे. भाग्येश खांदा दी, पानी पाजी. पोऱ्यानी मांगं नही, मीच ठरावं. आपली जमीन जवाईना गावले जाई का?"

इतके दिवस नर्मदाबाईने चोर शोधला होता मोटारसायकलच्या पुढच्या सीटवर. तो मागच्या सीटवर बसून जात होता, तिच्याच हातची भाकरी खाऊन. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली, की एवढी वर्षं या माणसाच्या शेजारी झोपून आपल्याला हे दिसलं कसं नाही.

"बाई, आमी काहीच लिखं नही तर?" तिने विचारलं.

"तर काका गेल्यावर शेत तुमचं आणि काजलचं. कायद्याने पुतण्याचा नंबर लागत नाही," बाई म्हणाली. "काजलचं जाणार ते या कागदाने. पण म्हणून कोरं ठेवा असं मी म्हणणार नाही. तोंडी बोललेलं मागे कुणी मानत नाही, आणि मोटारीला कुलूप कसं लागतं ते तुम्ही घरात पाहिलंय. लिहायचं ते हातपाय धड असताना, डोकं ठिकाणावर असताना, आणि एकमेकांना सांगून लिहायचं. दवाखान्यातल्या खाटेवरचा कागद पुढे कोर्टात भांडत बसतो."

दवाखाना म्हटल्यावर नर्मदाबाईला उन्हाळा आठवला. छगनच्या छातीत कळ आली होती. नंदुरबारच्या दवाखान्यात खाटेशेजारी फरशीवर कोण झोपत होतं? लेकच.

"तठे तुमना पाय कोन चेपे?" ती म्हणाली. "दियेल आंडेरच ना? तव्हय ती परकी नव्हती?"



तिने काखेतली पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "हाई मी नेसेल शे, ते वळखं का? मन्हा भाऊनं, हक्कसोडनं. तुम्हीन त्याले जल्मभर शिव्या दिन्ह्यात. आते हाई नवं ल्या. धानोराले जा, काजलले तुमना हातवरी द्या. नी कसाले देई ऱ्हायनात, ते भी तिले सांगा."

छगनने पिशवी उघडली. मोरपंखी काठ बाहेर आला. काजलला हाच रंग आवडायचा. लहान असताना जत्रेत याच रंगाच्या रिबिनीसाठी ती रस्त्यात लोळली होती आणि त्याने तिला खांद्यावर बसवून परत दुकानात नेलं होतं. त्याने काठ आत ढकलला, परत बाहेर काढला.

"माले नही जमाव," तो म्हणाला.

"जे आंडेरना तोंडवर सांगता येत नही, ते कागदवर कसाले लिखतस?"

छगनने धोतराच्या सोग्याने नाक पुसलं आणि मसुदा बाईकडे परत सरकवला. "ताई, हाऊ फाडी टाका. काजलनं लिखा. भाग्येश शेत करी, तव्हर त्याले करू द्या, तेबी लिखा. पन मालक काजल."

रिबेकाबाई लिहायला लागली. लिहून झालं तसं नर्मदाबाईने तिला सगळं वाचायला लावलं, मग पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मधेच उठून दार उघडून भाग्येश कान लावून बसला नाही ना, तेही बघून घेतलं. तो पायरीवर बसून मोबाईल बघत होता. त्याच्यावरचा संशय तिने पुरता सोडला नाही. अडीअडचणीला असू द्यावा म्हणून थोडा राखून ठेवला.

"पक्का करून उद्या रजिस्टर करू," बाई म्हणाली. "साक्षीदार मी बघते."

"थांबा," नर्मदाबाई म्हणाली, आणि छगनच्या खिशातला फोन काढून काजलला लावला.

"आंडेर, उद्या शहादाले ये. नही, बाप चांगला शे, आठेच बठेल शे. नवं काही नेसू नको, जे आंगवर शे त्याम्हाच ये." तिकडून काजलने सहीचं विचारलं. "नही व माय, सही करनी नही. तुले नुसतं आयकानं शे."