नळीतून आलेला भंडारा

"नाकात नळी, पोटात आग, अन् ही म्हणती गप पड," उशीत तोंड खुपसून विशाखा पुटपुटली.

तिच्या आईनं, बानाबाईनं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोर कुरकुरते म्हणजे अंगात जीव आहे, हे तिला शेळ्या सांभाळून ठाऊक होतं.

चार महिने झाले, एकोणीस वर्षांच्या विशाखाच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. सकाळची भाकर संध्याकाळी तशीच बाहेर. पोट मात्र फुगलेलं. बिनलग्नाची पोर आणि रोजच्या ओकाऱ्या. दौलताबादेत कुणी चकार शब्द काढला नाही. चुलतीनं येणं बंद केलं आणि बाप खंडेराव पोरीकडं न बघता जेवायला लागला.

शेवटी शहरातल्या दवाखान्यात डॉ. मंतशांनी दुर्बिणीतून बघितलं. जठरातून आतड्याकडं जायची वाट आवळली होती. या वयात क्वचितच होतं म्हणाल्या. "कापाकापी नको. तोंडातून नळी घालू, तिच्या टोकाचा फुगा त्या वाटेत हळूहळू फुगवू. दोन-तीन खेपा लागतील. पण पोट रिकामं पाहिजे हां, मावशी. काहीच द्यायचं नाही."

बानाबाईनं मान डोलावली. आणि ठरल्या दिवशी सकाळी, पोट उपसायची नळी नाकात घालून सिस्टरची पाठ वळताच कमरेच्या पिशवीतून बिरोबाचा भंडारा काढला.

"गिळ. अन् देवाला सांग, म्या काय वावगं केलं नाय."

धनगराच्या घरात हातावर भंडारा घेतला की खोटं बोलता येत नाही. तो हातावर घ्यायचा असतो, गिळायचा नसतो. पण बानाबाईला काम पक्कं हवं होतं. विशाखानं आईकडं एकदा बघितलं, ठरलेलं वाक्य म्हटलं आणि घोटभर पाण्याबरोबर गिळला.

तासाभरानं सिस्टरनं नाकातल्या नळीतून पोटातलं पाणी ओढलं. पिवळंधमक.

"हे कुणी दिलं?" डॉक्टर खवळल्या. "भूल दिल्यावर हे छातीत उतरलं असतं तर?"

बानाबाईनं पिशवी पदराखाली सरकवली.

"म्याच खाल्लं," विशाखा म्हणाली. "देवाचा परसाद."

"प्रसाद कपाळाला लावायचा, बाई! आता उद्या."

दुसऱ्या दिवशी पोट धुतलं, फुगा घातला. रात्री दोन चमचे पाणी, सकाळी पातळ पेज. बानाबाई ओकारीचं भांडं हनुवटीखाली धरून बसली. दुपार झाली, भांडं कोरडंच.

"आये, ठेव की ते खाली. हात दुखत नाय का तुझा?"

"महिन्यानं परत बोलावलंय म्हणं, फुगा घालायला."

"येऊ की." विशाखा कुशीवर वळली. "भंडाऱ्यानं काय सांगितलं मंग तुला?"

बानाबाईनं भांडं खाटेखाली सरकवलं. पदरानं तोंड पुसलं, नव्हतं काही पुसायला तरी.

"विशे, मला वाटलं व्हतं, तुला दिवस गेलेत."